भोक पाडलं की कुंडी

मध्यमवर्गीय मराठी घरात वस्तू टाकत नाहीत, तिची खालच्या जागी बदली करतात. अंघोळीच्या बादलीचा कान तुटला की ती कपडे भिजवायला जाते. कड उडाली की फरशी पुसायला. शेवटी तळाला चीर जाते आणि पाणीच राहीनासं होतं. आता तरी ती भंगारात जाईल असं वाटत असतानाच घरातलं कुणीतरी ती उचलून उजेडाकडे धरतं, चिरेतून पलीकडचा पंखा दिसतोय का बघतं आणि जाहीर करतं, "हिच्यात अळू झकास येईल."

झालं. बादली गॅलरीत जाते. इतर कुठलंही भांडं गळायला लागलं की त्याची लायकी संपते, कुंडीची तिथून सुरू होते.

आमच्या घरात हे खातं आमच्या ह्यांच्याकडे आहे. निवृत्तीआधी ते बँकेत थकीत कर्जांच्या वसुलीला होते. ज्यातून आता दमडी निघायची नाही असं सगळ्यांचं मत पडतं, त्यातून काहीतरी काढायचंच, ही खोड तिथली. कुणाला वाटेल, माणसं आधी रोप आणतात आणि मग त्याच्यासाठी भांडं शोधतात. तसं नसतं. भांडं आधी येतं. "ह्या कुकरमध्ये काय लावूया?" असा प्रश्न सकाळी चहाच्या वेळी पडतो, आणि दुपारी सिंहगड रस्त्यावरच्या नर्सरीत जाऊन "साडेपाच लिटरच्या कुकरात मावेल असं काहीतरी द्या" अशी मागणी होते. नर्सरीवाल्याला यात काही विशेष वाटत नाही. त्याच्याकडे येणारे निम्मे लोक खिशात भांड्याचा फोटो घेऊन येतात.

माझ्या सासूबाईंना या सगळ्याचं नवल वाटत नाही, नवल वाटतं ते त्याच्या गाजावाजाचं. त्यांची गिरगावातल्या चाळीतली तुळस वर्षानुवर्षं डालड्याच्या डब्यात होती. नुसती त्यांचीच नव्हे, अख्ख्या मजल्याची. गॅलरीच्या कठड्याला तारेने बांधलेले पिवळे डबे, डब्यावर हिरवा माड आणि डब्यात तुळस. डालडा बाजारात आला 1937 साली. आधी 'दादा' नावाच्या कंपनीचं वनस्पती तूप इथे यायचं, लिव्हरने त्या नावाच्या पोटात आपलं 'एल' बसवलं आणि दादाचा डालडा झाला. त्या तुपाने घराघरातल्या साजूक तुपाची जागा घेतली की नाही यावर जुन्या बायका अजून भांडतील, पण त्याच्या डब्याने तुळशी वृंदावनाची जागा घेतली यावर दुमत नाही. अंगण गेलं, वृंदावन गेलं, डबा आला. पुढे डालडाही प्लॅस्टिकच्या बरण्यांतून यायला लागला. त्या बरण्यांना झाकण घट्ट बसायचं, म्हणून त्यांच्यात तूरडाळ गेली आणि तुळस उघड्यावर पडली.

डालड्याहून मोठा संसार असेल तर रॉकेलचा डबा. चार गॅलनचा, म्हणजे अठरा लिटरचा, चौकोनी. आज किराणा दुकानाबाहेर पंधरा किलो तेलाचे जे रिकामे डबे रचलेले दिसतात ते त्याच घराण्यातले. हा डबा उभा ठेवला की कढीपत्ता, लांबीत कापून आडवा ठेवला की मेथी-कोथिंबीर. पत्रा कापताना हाताला लागायचं, धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायचं, आणि मग "घरची कोथिंबीर आहे हो" म्हणत पोह्यांवर चिमूटभर पेरायची.

परवा ह्यांनी तसाच एक डबा आणला आणि खिळा-हातोडी घेऊन त्याला खालून भोकं पाडायला बसले. सासूबाई पलंगावर माळ ओढत होत्या. दोन ठोके ऐकले आणि माळ थांबली.

"उलटा का मारतोयस?"

"उलटा म्हणजे?"

"आतून मार. बाहेरून मारलंस की पत्र्याची कड आत वळते. मग भोकाभोवती ओटा तयार होतो आणि पाणी त्याच्याखाली साठून राहतं. मुळं कुजतात, डबाही कुजतो. आतून बाहेर मार."

सासूबाईंचं शिक्षण चौथीपर्यंत. ह्यांच्याकडे कॉमर्सची पदवी आणि फोनवर बागकामाचे सत्तर व्हिडिओ. त्यांपैकी एकातही हे नव्हतं. हे काही बोलले नाहीत, डब्यात हात घालून आतून खिळा मारायला लागले, आणि अठरा लिटरच्या डब्यात हातोडी फिरायला जागा नसते हे ज्ञान त्यांना स्वतःच्या कोपरामार्फत झालं. "वरवंट्याने मार," पलंगावरून सल्ला आला. वरवंटा मावला.

प्लॅस्टिकचं शास्त्र वेगळं. तिथे पेचकस गॅसवर लाल करून खुपसायचा. सुर्रकन आत जातो, तेवढ्यापुरती माणसाला आपण सर्जन असल्याची भावना होते, आणि त्या वासाने आमच्या स्वयंपाकघरातली आमटी दोन दिवस टायरची लागते. भोकं फक्त तळाला पाडली तर बादली सपाट फरशीवर बसताच ती बंद होतात, म्हणून एक-दोन बाजूला, तळापासून बोटभर उंचीवर पाडावी लागतात. हेही सासूबाईंनीच सांगितलं. मला संशय आहे की चाळीतल्या प्रत्येक बाईला हे येत होतं आणि कुणालाच आपल्याला काही येतंय असं वाटत नव्हतं.

डब्यांचं हे झालं. पण आजच्या पुण्यात गॅलरीबागेचं खरं चलन म्हणजे रंगाची रिकामी बादली. वीस लिटरची, जाड, पांढरी, कडी असलेली. हिच्यासाठी सोसायट्यांमध्ये जे राजकारण चालतं त्यापुढे पार्किंगची भांडणं म्हणजे हळदीकुंकू.

कुणाच्या घरी रंगकाम निघालं ही बातमी पहिल्या दिवशी दुपारपर्यंत तिन्ही विंगांत पोचते. पूर्वी लोक विचारायचे, "कुठला रंग देताय?" आता विचारतात, "किती लिटर लागेल?" त्यात आपलेपणा असतो, पण भागाकारही असतो. वीसने. मग लिफ्टमध्ये भेटणं वाढतं. ज्यांनी गणपतीची वर्गणी देताना दार उघडलं नव्हतं ते काका "पेंटरला चहा पाठवू का?" विचारतात. पेंटर हा माणूस इतकी वर्षं या व्यवसायात उगीच नाही. बादलीत कंपनीने त्याच्यासाठी टोकन ठेवलेलं असतं ते तो पहिल्यांदा काढून घेतो, हे सर्वमान्य आहे. पण बादली कुणाची? घरमालक म्हणतो, रंगाचे पैसे मी दिले. पेंटर म्हणतो, साहेब, रिकामी बादली पेंटरची असते, पहिल्यापासून असंच आहे. कुठल्याही करारात हे लिहिलेलं नसतं आणि कुठलाही पेंटर यावर मागे हटत नाही. शेवटी घरमालक आपल्याच रंगाची बादली त्याच्याकडून शंभर रुपयांना विकत घेतो आणि वर म्हणतो, "फुकटात कुंडी झाली."

आमच्या समोरच्या ब्लॉकमध्ये रंगकाम झालं तेव्हा हे सलग आठवडाभर तिथे 'भिंतीला ओल आहे का ते बघायला' जात होते. परत येताना दोन बादल्या घेऊन आले, आणि समोरच्यांना आमच्या विंगेतल्या ओलीविषयी आता जितकी माहिती आहे तितकी कुठल्या इंजिनिअरला नसेल.

मी विचारलं, रंगाच्या बादलीत मेथी लावून ती खायची का? त्यावर ह्यांच्याकडे उत्तर तयार होतं. घरगुती रंगांत शिसं किती असावं यावर आपल्याकडे कायदा आहे. 2017 च्या नोव्हेंबरपासून दहा लाखात नव्वद भागांच्या वर नाही. शिवाय आतला रंगाचा पापुद्रा सोलून, घासून, धुऊन घ्यायचा. हा पापुद्रा सोलण्यात मात्र खरंच आनंद आहे. एका कोपऱ्यात नख घातलं की अख्खी साय निघून येते. घरात कुणाकुणाची त्यासाठी भांडणं होतात, आणि मी त्यात मागे नसते. तरी मेथी आम्ही दुसरीकडे लावली आणि रंगाच्या एका बादलीत शेवंती. कायदा आपल्या जागी, मेथी आपल्या जागी. मेथीला तसंही खोल भांडं लागत नाही, वीतभर माती पुरते. मिठाईचा मोठा प्लॅस्टिकचा डबासुद्धा चालतो. टोमॅटोला मात्र बादलीच हवी. दह्याच्या डब्यात टोमॅटो लावून फळाची वाट बघत बसणारे लोक मला माहीत आहेत. त्यांची रोपं लाजून तेवढीच राहतात.

आता या फुकटच्या बादलीचा हिशेब. बादलीला पांढरा रंग शोभत नाही म्हणून तिला वारली चित्रं काढायची ठरली. त्यासाठी गेरू रंगाचा डबा, पांढरा रंग, दोन ब्रश. (म्हणजे रंगाच्या बादलीला रंग द्यायला रंगाचा नवा डबा आला. तो रिकामा झाल्यावर त्याचीही कुंडी होणार आहे.) मग माती. बादलीभर ओली माती पंचवीस-तीस किलो भरते, ती गॅलरीच्या ग्रिलला झेपत नाही, म्हणून हलकं कोकोपीट. कोकोपीटची पाच किलोची वीट येते. ती पाण्यात घातली की फुगते हे पाकिटावर लिहिलेलं असतं, पण किती फुगते हे वाचून कळत नाही. ह्यांनी ती रात्री अंघोळीच्या बादलीत भिजत घातली. सकाळी बादली दिसत नव्हती. बाथरूमच्या मधोमध तपकिरी रंगाचा एक डोंगर होता आणि त्याच्या शिखरावर साबणदाणी. पाच किलोचे साठ-सत्तर लिटर होतात. त्या दिवशी घरात कुणी अंघोळ केली नाही, आणि परातीपासून इडलीपात्रापर्यंत प्रत्येक भांड्यात नारळाचा भुसा होता.

वर गांडूळखताची पिशवी, निंबोळी पेंड, आणि बादल्या जमिनीवर नको म्हणून लोखंडी स्टँड. एवढं सगळं करून दुसऱ्या बादलीत लागला पुदिना. भाजीवालीकडे तो दहा रुपयांना जुडी मिळतो. किंबहुना लावला तो तिच्याच जुडीतल्या काड्या खोचून. हे मी बोलून दाखवलं तर हे म्हणाले, "तो भांडवली खर्च आहे. एका वर्षात धरायचा नसतो."

गारगोटीला गणित शिकवलेले आणि पुढे 'प्रयोग परिवार' उभा करणारे श्री. अ. दाभोळकर यांनी आयुष्यभर सांगितलं की आपल्या आवारातला पालापाचोळा हीच उद्याची माती आहे, ती विकत आणायची गरज नाही. त्यांची पुस्तकं आमच्याकडे आहेत. त्यांच्यावर सध्या निंबोळी पेंडीची पिशवी ठेवली आहे.

कुंडी भरताना तळाशी काय घालायचं यावर तर घराघरात पंथ आहेत. बहुतेकांचा पंथ खापऱ्या आणि खडीचा. तळाला चार बोटं खडी घातली की पाण्याचा निचरा चांगला होतो, असं आजोबांपासून सगळे सांगत आले. गंमत अशी की होतं उलटंच. बारीक मातीतलं पाणी खालच्या जाड खडीत सहजी उतरत नाही. माती पुरती ओलीचिंब होईपर्यंत ते खडीच्या वरच अडून बसतं. म्हणजे जो ओला थर कुंडीच्या तळाशी राहिला असता तो खडीने उचलून मुळांच्या जवळ आणून ठेवला. भोकावर एक खापरी किंवा जाळीचा तुकडा ठेवा, माती वाहून जाऊ नये एवढ्यापुरता, आणि बाकी सगळी जागा मातीला द्या. हे मी सोसायटीच्या बागप्रेमी मंडळात सांगितलं तेव्हा एका आजोबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी वरणभातावर लिंबू पिळू नका म्हणाले.

भांड्यांमध्ये सोवळंओवळं असतं ते वेगळंच. तुळस डालड्याच्या डब्यात चालते, रंगाच्या बादलीत चालते, फुटक्या माठात तर उत्तम. बाटलीत नाही, बुटात नाही, आणि अंड्याच्या कवचात तर नाहीच नाही. कवचात कोथिंबीर रुजवायची एक टूम निघाली आहे. दिसतं गोजिरवाणं. पण आमच्याकडे घरात अंडं शिरत नाही, फक्त 'मुलं खातात'. त्यामुळे ती बारा कवचं गॅलरीत ओळीने दिसताच सासूबाईंनी एकच प्रश्न विचारला, "एवढी मुलं कुठून आली?"

दारूच्या बाटलीतला मनी प्लांट हा आणखी नाजूक विषय. मनी प्लांटला बाटली कुठलीही चालते, माणसांना चालत नाही. निरीक्षण करून बघा: देशी बाटली असेल तर लेबल रात्रभर पाण्यात भिजवून, खरवडून, वर सुतळी गुंडाळलेली असते. परदेशी असेल तर लेबल तसंच ठेवून, दिवाणखान्यात, पाहुण्यांकडे तोंड करून. विचारलं तर "भाच्याने आणली होती, औषधापुरती." एवढ्या औषधावर भाचा डॉक्टर निघायला हवा होता.

पण या साऱ्या प्रकरणांचा कळस झाला तो कमोडने. पलीकडच्या विंगेत बाथरूमचं नूतनीकरण निघालं आणि जुना कमोड खाली गेटजवळ येऊन उभा राहिला. न्यायला कुणी येईना. मग कुणीतरी त्यात माती भरून सदाफुली लावली. सदाफुलीचं काय, तिला भिंतीच्या फटीतसुद्धा येता येतं, ती बहरली. त्यावर कार्यकारिणीची बैठक झाली. अध्यक्षांचं म्हणणं, गेटवर पाहुण्यांचं स्वागत अशा वस्तूने होऊ नये. सचिवांचं म्हणणं, पर्यावरणाच्या दृष्टीने हा आदर्श प्रकल्प आहे. एका सभासदाने विचारलं की मग वॉश बेसिन चाललं असतं का? यावर सर्वांचं एकमताने 'हो' आलं. म्हणजे वस्तू तीच, चिनी माती तीच, पाईपही शेवटी एकाच ठिकाणी जातो, पण एकाला अंगणात मान आहे, दुसऱ्याला नाही. तोडगा असा निघाला की कमोडचं तोंड भिंतीकडे करावं. आता येणाऱ्या प्रत्येकाला तो पाठमोरा दिसतो, आणि न चुकता प्रत्येकजण पुढे जाऊन बघतो की हे काय आहे.

सासूबाईंना खरा धक्का बसला तो वेगळ्याच ठिकाणी. आम्ही त्यांना एका हॉटेलात जेवायला नेलं. दाराशी पितळेचं मोठं घंगाळ, घासूनपुसून लख्ख, त्यात पाम. सासूबाई तिथेच थबकल्या. त्यांच्या सासूचं अगदी असंच घंगाळ त्यांनी मोडीत घालून स्टीलचे डबे घेतले होते. जेवणभर त्या बोलल्या नाहीत. घरी आल्यावर ह्यांना म्हणाल्या, "गळत नव्हतं रे ते. चांगल्या भांड्यात कशाला झाड लावायचं?" नियम मोडल्याचं दुःख होतं ते. झाडासाठी भांडं आधी निकामी व्हायला हवं; ते कमवावं लागतं.

गळण्यावरून आठवलं. भोक पाडलं नाही तर झाड मरतं. पाडलं तर पाणी खालच्या मजल्यावरच्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पडतं, तेही नेमकं पांढऱ्या लेंग्यावर, आणि कोकोपीटचं पाणी चहाच्या रंगाचं असतं. म्हणून खाली ताटली. ताटल्या म्हणजे रंगाच्या बादल्यांची झाकणं, तेवढी अजून वाया जात होती. ताटलीत पाणी साठलं की डास. तेही साधेसुधे नव्हेत. डेंग्यूच्या डासाला गटार लागत नाही, असंच स्वच्छ, साठलेलं, घरगुती पाणी लागतं. अंडं ते डास हा प्रवास आठवडा-दहा दिवसांत होतो, म्हणूनच आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा असं सांगतात. नुसतं पाणी ओतून भागत नाही. काठाला चिकटलेली अंडी कोरडी पडूनही महिनोन्‌महिने तग धरतात, ताटली घासावी लागते.

पावसाळ्यात महापालिकेचा माणूस टॉर्च घेऊन तपासणीला आला. त्याने सगळ्या घरात फक्त गॅलरी मागितली. एकेका ताटलीत उजेड टाकत गेला. कुकर, डबे, बादल्या, माठ, ज्यूसरचा जार, हेल्मेट (हो, त्यात ऑफिस टाइमचं रोप आहे) असं सगळं बघून झाल्यावर त्याने टॉर्च बंद केला आणि मला हळूच विचारलं, "ताई, दुकान आहे का?"

एवढं होऊनही ह्यांच्या वृत्तीत फरक नाही. फक्त नजर बदलली आहे. घरातल्या चालू वस्तूंकडे ते आता वेगळ्याच दृष्टीने बघतात. मिक्सर घरघरला की मान वर करतात. माझ्या प्रवासी बॅगेचं चाक जरा अडखळलं तर "खोली चांगली आहे हिची" म्हणतात. आणि गेल्या महिन्यापासून त्यांचं सगळं लक्ष वॉशिंग मशीनच्या ड्रमवर आहे. स्टेनलेस स्टील, गंजण्याचं भय नाही, वजनाला हलका, आणि मुख्य म्हणजे कंपनीतूनच चहूबाजूंनी भोकं पाडून आलेला. ना खिळा, ना वरवंटा, ना आमटीला वास. कपडे काढायला गेले की उगीच आत हात घालून वीत मोजतात.

परवा मशीनने धुता धुता मोठा आवाज केला आणि ते थांबलं. मेकॅनिक आला, मागचं झाकण काढलं, आत डोकावून म्हणाला, "काही नाही काका, बेल्ट गेलाय. बदलला की अजून पाच-सात वर्षं बघायला नको."

हे जरा वेळ गप्प राहिले. मग त्याला म्हणाले, "आणि नाही बदलला तर?"